गालिचा कुणाचा, पैसा कुणाचा

'द बिग लेबॉव्स्की' या चित्रपटातला, लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिनातल्या त्या हवेलीतला प्रसंग मी किती वेळा पाहिला, याची मोजदाद नाही. भिंतीवर मानपत्रं, सन्मानचिन्हं, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या पत्नीबरोबर काढलेला फोटो. चाकाच्या खुर्चीत बसलेला एक श्रीमंत म्हातारा. समोर त्याच्याच नावाचा दुसरा माणूस: चाळिशी ओलांडलेला, केस वाढलेले, कपडे घरात लोळताना घालावेत तसे. या दुसऱ्याच्या घरी गुंड शिरले होते. नावाच्या घोटाळ्यामुळे त्यांनी त्याला श्रीमंत लेबॉव्स्की समजून त्याच्याकडे त्या श्रीमंताच्या बायकोचं देणं मागितलं आणि जाता जाता त्याच्या गालिच्यावर मुतून गेले. तो गालिच्याची भरपाई मागायला आला आहे. म्हातारा भरपाईचं नावच काढत नाही. तो विचारतो, तुला नोकरी आहे का? कामाच्या दिवशी असले कपडे घालून नोकरी शोधायला बाहेर पडतोस का? समोरचा गोंधळून विचारतो, आज वार कोणता?

इथे सगळे हसतात. पहिल्या वेळी मीही हसलो. पण त्या हशाच्या आड काय घडलं ते नीट पाहायला हवं. एका माणसाचं नुकसान झालं आहे. ज्याच्यामुळे झालं त्याच्या दारात तो न्याय मागायला गेला आहे. आणि उत्तर म्हणून त्याच्या हातात त्याच्याच आयुष्याचा हिशेब ठेवला गेला आहे. मूळ प्रश्न होता गालिच्याचा. तो कुठे गेला?

जोएल आणि इथन कोएन या भावांचा 'द बिग लेबॉव्स्की' मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. आधीच्या 'फार्गो'ला दोन ऑस्कर मिळालेली, त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या, आणि चित्रपट जेमतेम चालला. कथानकाला शेंडाबुडखा नाही, असं अनेकांनी लिहिलं. मग व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडीवरून तो घरोघर पोचला, लोकांना त्यातले संवाद पाठ झाले. २००२ साली केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात त्याच्या चाहत्यांचा मेळा सुरू झाला. लोक बाथरोब घालून येऊ लागले, दूध-व्होडकाचे पेले उंचावू लागले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याला घेतलं. जेफ ब्रिजेसने उभा केलेला 'ड्यूड', म्हणजे गालिच्याची भरपाई मागणारा तो दुसरा लेबॉव्स्की, आज टी-शर्टांवर असतो, कॉफीच्या कपांवर असतो.

या चाहत्यांशी माझं भांडण नाही, पण एक तक्रार आहे. त्यांनी ड्यूडला निवांतपणाचा संत करून टाकलं. 'फार मनावर घेऊ नका, आरामात जगा' एवढाच संदेश त्यांनी या चित्रपटातून उचलला. मला वाटतं, हे अर्धंच पाहणं झालं. हा चित्रपट एक टोकदार सार्वजनिक प्रश्न विचारतो. रिकाम्या माणसाला हिशेब विचारण्याचा अधिकार नेमका कुणाला आहे, आणि तो विचारणाऱ्याची वही कुणी तपासायची? आणि हा प्रश्न विचारायला त्याने जुन्या हेरकथेचा साचा निवडला, त्यालाही कारण आहे.

तो साचा म्हणजे न्वार. १९४०च्या दशकात हॉलिवूडमध्ये निघालेल्या अंधाऱ्या, पावसाळी, खून-खंडणीच्या चित्रपटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये दिलेलं हे नाव. पडद्यावर सावल्या, तोंडात सिगारेट, डोक्यावर फेल्ट हॅट, आणि मध्यभागी एकटा खासगी हेर. त्या हेराचा सर्वांत मोठा शिल्पकार रेमंड चँडलर. त्याची 'द बिग स्लीप' ही पहिली कादंबरी १९३९ साली आली, तेव्हा तो पन्नाशीत होता. १९४६ मध्ये हॉवर्ड हॉक्सने तिच्यावर चित्रपट केला आणि हंफ्री बोगार्टने तिच्यातला हेर फिलिप मार्लो रंगवला. कोएन बंधूंना चँडलरसारखी गोष्ट रचायची होती. हेर लॉस एंजेलिसच्या एका घरातून दुसऱ्या घरात फिरतो, प्रत्येक घरात वेगळ्या थरातला माणूस भेटतो, गुंता वाढत जातो आणि शेवटी तो सुटला की नाही याला फारसं महत्त्व उरत नाही. 'द बिग स्लीप'मधल्या ड्रायव्हरचा खून कुणी केला हे खुद्द चँडलरलाही सांगता आलं नव्हतं, हा किस्सा प्रसिद्धच आहे.

चँडलरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र फार कमी वेळा बोलली जाते. लॉस एंजेलिसमध्ये तो एका तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. १९३२ साली, महामंदीच्या ऐन भरात, दारू आणि गैरहजेरीपायी त्याला काढून टाकलं. वय चव्वेचाळीस. त्या बेकारीत त्याने स्वस्त मासिकांसाठी हेरकथा लिहायला सुरुवात केली आणि १९३३च्या डिसेंबरमध्ये 'ब्लॅक मास्क' मासिकात त्याची पहिली कथा छापून आली. म्हणजे ज्या हेराला पुढे जगाने कर्तव्यनिष्ठेचा पुतळा मानलं, तो एका नोकरी गेलेल्या माणसाच्या टेबलावर जन्मला. मार्लो स्वतःसुद्धा बडतर्फ आहे. सरकारी वकिलाच्या कार्यालयातून वरिष्ठांचं न ऐकल्याबद्दल त्याला घालवलेलं. रोजचे पंचवीस डॉलर आणि वरखर्च, एवढ्यावर तो जगतो.

'द बिग स्लीप'ची सुरुवात आठवा. जनरल स्टर्नवुड नावाचा मरणासन्न श्रीमंत म्हातारा, चाकाच्या खुर्चीत, ऑर्किडच्या उष्ण काचघरात बसलेला. तो मार्लोला बोलावतो आणि खंडणीचं प्रकरण सोपवतो. घराण्याचा पैसा तेलाचा. चँडलर एका ठिकाणी लिहितो की स्टर्नवुड मंडळी टेकडीवर उंच राहायला गेली, त्यामुळे त्यांना आता तेलाचा आणि सांडपाण्याचा वास येत नाही, पण ज्या विहिरींनी त्यांना श्रीमंत केलं त्या मात्र खिडकीतून दिसतात. काय ताकदीचं वाक्य आहे! पैशाचा उगम आणि पैशाची प्रतिष्ठा यांच्यातलं अंतर त्याने एका टेकडीच्या उंचीत मांडलं. पण पुढे तो काय करतो? शेवटी मार्लोला जे भयंकर सत्य कळतं, ते तो म्हाताऱ्यापासून लपवतो. जनरलचा मान राखला जावा, शेवटचे दिवस त्याने अज्ञानात सुखाने काढावेत, म्हणून हेर स्वतः त्या घाणीचा भागीदार होतो. चँडलरने पैशाचा वास ओळखला, पण पैसेवाल्या म्हाताऱ्याची लाज राखली.

कोएन बंधूंनी नेमकी ही लाज राखायचं नाकारलं. त्यांच्याकडेही चाकाच्या खुर्चीतला म्हातारा आहे, त्याची मोकाट सुटलेली तरुण बायको आहे, बंडखोर मुलगी आहे, अश्लील धंद्यातला सभ्य दिसणारा बडा माणूस आहे, खंडणीची पेटी आहे. सगळे मोहरे चँडलरच्याच पटावरचे. फक्त हेराच्या जागी त्यांनी असा माणूस बसवला की ज्याला हेरगिरी येत नाही आणि ती करायचीही नाही. एका प्रसंगात बडा माणूस फोनवर बोलता बोलता वहीवर काहीतरी लिहितो आणि पान फाडून नेतो. ड्यूड धावत जाऊन खालच्या कोऱ्या पानावर पेन्सिल घासतो. हेरपटातली जुनी ठेवणीतली युक्ती! आणि उमटतं काय, तर एक पाचकळ चित्र. माग काढणाऱ्याच्या हुशारीवरचा आपला भरवसा तिथे गळून पडतो. आणि तो गळून पडला की आपलं लक्ष हेराच्या करामतीवरून उठतं आणि ज्यांचा माग कधी काढलाच जात नाही त्यांच्याकडे वळतं. म्हणून मी म्हणतो की हा विनोद नुसती टिंगल करत नाही. जुन्या साच्याला जे जमलं नव्हतं ते तो करून दाखवतो.

आता हिशेबाकडे येतो.

थोरल्या लेबॉव्स्कीची कर्तबगारी काय? भिंतीवर एक फोटो आहे, गरीब वस्तीतल्या मुलांचा. त्यांना तो 'छोटे लेबॉव्स्की कर्तबगार' म्हणतो. त्याच्या नावाची धर्मादाय संस्था या मुलांना उच्च शिक्षणासाठी मदत करते. मुलं वॉट्स भागातली. हे वॉट्स म्हणजे लॉस एंजेलिसमधली कृष्णवर्णीयांची वस्ती. १९६५ च्या ऑगस्टमध्ये तिथे उसळलेल्या दंगलीत चौतीस माणसं मेली होती. अशा ठिकाणच्या मुलांना शिकवणारा माणूस समोरच्या बेकाराला दोन शब्द सुनवणारच, असं आपल्याला वाटतं. पण त्याची मुलगी मॉड सांगते ते ऐका. वडिलांकडे स्वतःचा पैसाच नाही. सगळा पैसा तिच्या आईचा. धंद्यात त्याला काही जमलं नाही, म्हणून त्याला संस्थेचं नाममात्र काम दिलं, आणि मुलगीच त्याला खर्चाला पैसे देते. ऐतखाऊ कोण, हे यापुढे वेगळं सांगायला नको.

आणि बायकोला पळवून नेल्याची खबर आल्यावर तिच्या सुटकेसाठी म्हणून जे दहा लाख डॉलर त्याने काढले, ते संस्थेच्या खात्यातले. वॉट्सच्या मुलांचे. ते खंडणीच्या पेटीत गेलेच नाहीत. पेटीत रद्दी होती, आणि पेटी पोचवायला ड्यूड नेमला होता, म्हणजे असा माणूस की पैसे गहाळ झाल्यावर सगळं जग त्याच्याकडेच बोट दाखवेल. रिकामटेकडा, नशेबाज, वार विसरणारा. त्याच्यावर आळ आला असता तर कुणाला नवल वाटलं असतं? बेकार माणसाची बदनामी हे भांडवल असतं, आणि प्रतिष्ठित माणूस ते वापरू शकतो. या चित्रपटाने मला शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट ही.

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. मॉड या संस्थेची विश्वस्त आहे. वडिलांनी अफरातफर केली हे तिला माहीत आहे. पण हे प्रकरण पोलिसात नेण्याची तिची इच्छा नाही. घरातली गोष्ट घरात राहावी. पैसे परत मिळवून आणलेस तर दहा टक्के देईन, असं ती ड्यूडला सांगते. दुसरा प्रसंग मालिबूचा, किनाऱ्यावरच्या श्रीमंत गावाचा, जिथे तो अश्लील धंद्यातला बडा माणूस राहतो. ड्यूडने तिथे काहीही गुन्हा केलेला नाही. उलट त्यालाच गुंगीचं औषध पाजलेलं आहे. त्याला पकडून आणल्यावर तिथला पोलिसप्रमुख त्याचं पाकीट तपासतो, तुच्छतेने बघतो, कॉफीचा कप त्याच्या कपाळावर फेकून मारतो आणि सांगतो की ज्या बड्या माणसाला तू त्रास दिलास त्याचं या गावात वजन आहे, तुझं काही नाही. दहा लाखांची अफरातफर ही घरगुती बाब. आणि बाथरोबमधल्या माणसाचं नुसतं तिथे असणं हा गुन्हा. चँडलरच्या कादंबऱ्यांतही किनाऱ्यावरच्या श्रीमंत गावाचे विकले गेलेले पोलीस आहेत. पण तिथे मार खाणारा मार्लो उठून सडेतोड बोलतो, वाचकाला दिलासा मिळतो. ड्यूडला तसलं काही सुचत नाही. अपमान नुसता अपमान म्हणून उरतो, आणि म्हणून तो जास्त खरा वाटतो.

'ही तर गोष्ट झाली, एखादा म्हातारा लबाड निघाला म्हणून काय झालं?' असं कुणी म्हणेल. म्हणून काळ पाहू. गोष्ट घडते १९९१च्या सुमारास. सुरुवातीलाच दुकानातल्या टीव्हीवर थोरले बुश कुवेतबद्दल बोलत आहेत आणि ड्यूड दुधाच्या पुड्यासाठी एक डॉलरपेक्षाही कमी रकमेचा चेक फाडतो आहे. अमेरिका तेव्हा मंदीतून जेमतेम बाहेर येत होती. शीतयुद्ध संपल्याने दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विमान आणि शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतून माणसं घरी पाठवली जात होती. आणि त्याच वेळी अमेरिकेचे करदाते एक वेगळंच बिल भरत होते. तिथल्या बचत-कर्ज संस्थांनी जमिनीच्या आणि रोख्यांच्या जुगारात ठेवीदारांचे पैसे उधळले. १९८६ ते १९९५ या काळात अशा हजाराहून जास्त संस्था बुडाल्या आणि सरकारी तिजोरीवर सुमारे १२४ अब्ज डॉलरचा भार पडला. त्या संस्थांच्या संचालकांच्या भिंतींवरही मानपत्रं असतीलच. त्यांना कुणी विचारलं का, कामाच्या दिवशी तुम्ही काय करता म्हणून?

विचारलं ते दुसऱ्यांना. १९७६च्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी सरकारी मदतीवर ऐश करणाऱ्या शिकागोच्या एका बाईची गोष्ट गावोगाव सांगितली होती. ती प्रतिमा वीस वर्षं राजकारणात फिरत राहिली. २२ ऑगस्ट १९९६ रोजी बिल क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याच्या नावातच 'वैयक्तिक जबाबदारी' हे शब्द होते. गरीब कुटुंबांना साठ वर्षांपासून मिळणारी हमी संपली, कामाची अट आली, आणि केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या रोख मदतीला आयुष्यात पाच वर्षांची मर्यादा पडली. त्यानंतर दीड वर्षाने हा चित्रपट आला. कोएन बंधूंनी या कायद्यावर भाष्य करायला तो काढला असा माझा दावा नाही. पण म्हातारा ज्या भाषेत ड्यूडला झापतो, ती त्या वर्षांतली राज्यकर्त्यांची भाषा आहे, यात मला शंका नाही.

आणि ज्याला झापलं जातं तो कोण आहे हेही ऐकण्यासारखं आहे. ड्यूड एकदा सहज सांगून जातो की पोर्ट ह्युरॉन जाहीरनामा लिहिणाऱ्यांत आपण होतो, आणि तोही पहिला, तडजोड न केलेला मसुदा. १९६२ साली मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन इथे जमलेल्या डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यांनी काढलेला हा जाहीरनामा. टॉम हेडन त्याचा मुख्य लेखक. ड्यूड खरं सांगतो की फुशारकी मारतो, कोण जाणे. पण त्या जाहीरनाम्यात कामाबद्दल एक उतारा आहे. काम करण्यामागे पैसा आणि पोट यांपेक्षा मोठी प्रेरणा असावी; ते माणसाला घडवणारं असावं, मठ्ठ करणारं नसावं; यांत्रिक नसावं, निर्मितीचं असावं; त्यातून स्वतःची प्रतिष्ठा आणि दुसऱ्याबद्दलचा आदर वाढावा, अशा अर्थाचा. ज्या माणसाला 'तू काम का करत नाहीस' म्हणून हिणवलं जातं, तो तरुणपणी 'काम कशासाठी असतं' हे विचारणाऱ्यांत होता. त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही म्हणून तो थकला असेल. थकणं हा गुन्हा नव्हे.

ड्यूडला देवघरात बसवायची मला गरज वाटत नाही. तो खोटं बोलतो. भरपाई नाकारली तरी म्हाताऱ्याने परवानगी दिली असं सांगून तो हवेलीतून एक गालिचा उचलून नेतो. पेटी पोचवण्याचं काम वीस हजार डॉलरच्या लोभाने घेतो. त्याच्या निवांतपणाला त्याचं पुरुष असणं आणि गोरं असणं या दोन गोष्टींचा मोठा टेकू आहे, हेही मान्य करायला हवं. वॉट्समधला एखादा तरुण असा दुपारी चारला झगा घालून दुकानात शिरला असता तर? मार्च १९९१ मध्ये त्याच शहराच्या पोलिसांनी रॉडनी किंगला रस्त्यावर कसं मारलं, त्याची चित्रफीत साऱ्या जगाने पाहिली. आणि दोन मुलं पदरात असलेल्या बाईला असा निवांतपणा कुठून परवडणार? हे आक्षेप खरे आहेत आणि मला ते महत्त्वाचे वाटतात. पण ते माझ्या म्हणण्याला छेद देत नाहीत, बळच देतात. गोऱ्या, निरुपद्रवी, शिकलेल्या माणसालाही रिकामा म्हणून ही वागणूक मिळत असेल, तर बाकीच्यांच्या वाट्याला काय येत असेल?

चित्रपट स्वतःही सोपी वाट घेत नाही. शेवटाकडे ड्यूडचा मित्र वॉल्टर ठरवतो की म्हाताऱ्याचं पांगळेपणसुद्धा ढोंगच असणार. तो त्याला खुर्चीतून उचलून उभा करतो. म्हातारा जमिनीवर कोसळतो. पाय खरोखरच गेलेले आहेत, कोरियाच्या युद्धात. तो रडतो. तिथे पोटात कालवतं. जखम खरी आहे, कर्तबगारी खोटी आहे, आणि दोन्ही एकाच माणसात आहेत. लबाडाचाही सगळाच हिशेब खोटा नसतो, हे वॉल्टरला कळत नाही, आपल्याला कळतं.

'कामाने माणसाला प्रतिष्ठा मिळते' हे मी नाकारत नाही. ते खरंच आहे. पण प्रतिष्ठा फक्त पगारी कामानेच मिळते, हे खरं नाही. यासाठी बोलिंगच्या, म्हणजे जड चेंडू लोटून पिना पाडायच्या खेळाच्या, अड्ड्यावर जाऊ. ड्यूड, वॉल्टर आणि डॉनी हे तिघं एक संघ आहेत, साखळी स्पर्धेत खेळतात. वॉल्टरचं सुरक्षेच्या साहित्याचं दुकान आहे, ड्यूड बेकार आहे, आणि डॉनी पोटासाठी काय करतो हे चित्रपट आपल्याला सांगतही नाही. तिथे कुणी कुणाला नोकरीबद्दल विचारत नाही. पण ठरल्या वेळी सगळे हजर असतात. नियम पाळतात, नियमांवरून भांडतात, वॉल्टर तर शनिवारी धर्मामुळे खेळणार नाही म्हणून हटून बसतो. १९९५ साली राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी एक गाजलेला निबंध लिहिला. १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणारे १० टक्क्यांनी वाढले, पण संघ बांधून साखळी स्पर्धेत खेळणारे ४० टक्क्यांनी घटले, असं त्यांनी दाखवलं. माणसं एकेकटी खेळू लागली होती. लोकशाहीला लागणारा आपसातला विश्वास अशा जागांतून तयार होतो आणि त्या जागाच ओस पडत आहेत, ही त्यांची काळजी होती. त्या मोजमापाने पाहिलं तर ओस पडत चाललेल्या जागेत हे तिघं टिकून आहेत. पगारपत्रकावर या कामाची नोंद होत नाही, म्हणून ते काम नाही असं मी म्हणणार नाही.

हा विषय मला इतका लागतो याचं कारण अमेरिकेत नाही. मी परळमध्ये वाढलो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी लहान होतो. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप कधी रीतसर मिटलाच नाही, आणि आमच्या चाळीच्या पायऱ्यांवर भर दुपारी पुरुष बसलेले दिसू लागले. साचा म्हणजे कापडाचा माग चालवणारे, तीन पाळ्यांची सवय असलेले हात. चार-पाच वर्षांत त्यांना पाहुणे आणि पुढे स्वतःची मुलंही विचारू लागली, हातपाय धड आहेत, मग काही करत का नाही? गिरण्यांच्या जमिनींचं काय होतंय, ते कुणाच्या नावावर चाललंय, हे विचारणारे फार थोडे होते. आज तिथे मनोरे आहेत. पायऱ्यांवर बसलेल्या त्या माणसांना मी 'रिकामटेकडे' हा शब्द ऐकताना पाहिलं आहे, म्हणून पॅसाडिनाच्या हवेलीतला तो प्रसंग आला की मला हसू येईनासं झालं.

शेवटी ड्यूडकडे काय उरतं? हवेलीतून आणलेला गालिचा मॉडची माणसं घेऊन गेली, तो तिच्या आईचा होता. गाडी जाळली गेली. म्हाताऱ्याची बायको मुळात पळवली गेलीच नव्हती, ती न सांगता बाहेरगावी गेली होती, आणि ती परत आली. डॉनी, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता, बोलिंगच्या अड्ड्याबाहेर हृदयविकाराने गेला. अंत्यविधीच्या दुकानात सर्वांत साधा अस्थिकलश एकशे ऐंशी डॉलरचा निघतो. ते परवडत नाही आणि पटतही नाही, म्हणून दोघं मित्र जवळच्या दुकानातून कॉफीचा डबा आणतात, त्यात राख भरतात आणि समुद्रावरच्या कड्यावर जातात. वॉल्टर भाषण करतो, ते व्हिएतनामकडे भरकटतं, वारा उलटा येतो आणि राख ड्यूडच्या चेहऱ्यावर, दाढीत बसते. तो चिडतो. वॉल्टर त्याला मिठी मारतो. संबंध चित्रपटात एवढा एकच व्यवहार आहे ज्यात कुणी कुणाला फसवलेलं नाही.

आणि ते दहा लाख? म्हाताऱ्याला अटक होत नाही. चौकशी होत नाही. खटला नाही, बातमी नाही. चित्रपट संपतो आणि तो विषय पुन्हा निघत नाही. मी या चित्रपटावरचं बरंच लेखन वाचलं आहे. गालिच्याबद्दल, बोलिंगबद्दल, ड्यूडच्या तत्त्वज्ञानाबद्दल भरभरून लिहिलं गेलंय. हवेलीच्या भिंतीवरच्या त्या फोटोतल्या मुलांबद्दल एखाद-दुसरं वाक्य. फोटोत ती म्हाताऱ्याच्या भोवती उभी आहेत. त्यांची नावं आपल्याला कळत नाहीत. त्या वर्षी त्यांच्यापैकी कुणाची फी भरली गेली आणि कुणाची राहिली, हे विचारायला त्या हवेलीत कुणी जात नाही.